मोनॅशच्या नावाची पदवी घ्यायला निघालेल्यांना खुले पत्र

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात शिकत असलेल्या आणि व्हिसाची वाट बघत घरी बसलेल्या सर्व मराठी मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

क्लेटनच्या कॅम्पसवर पोचल्यावर विद्यापीठाच्या नावाच्या पाटीशेजारी उभे राहून तुम्ही फोटो काढता, तो घरच्या ग्रुपवर येतो, आजी-आजोबा अंगठे दाखवतात. छान वाटते. पण ते नाव कोणाचे, असे विचारले की बहुतेकांकडून उत्तर येते, ‘मिलिटरीतला कोणीतरी मोठा माणूस होता.’ ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, पण पार्ट-टाइम कामाचे पैसे थेट खात्यात जमा होतात, त्यामुळे ती नोटही तुमच्या हातात क्वचितच येणार.

उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी फ्रान्समधल्या ऑस्ट्रेलियाच्या पाचही डिव्हिजन लेफ्टनंट जनरल जॉन मोनॅश यांच्या हाताखाली होत्या. पण हा माणूस पेशाने सिव्हिल इंजिनिअर. पोट भरायचे ते पूल आणि पाण्याचे पाइप बांधून. लष्करात होते ते आपल्याकडच्या टेरिटोरियल आर्मीसारखे, कामधंदा सांभाळून फावल्या वेळात कवायत करणारे. वयाची पन्नाशी जवळ येईपर्यंत त्यांनी खरी लढाई पाहिलेली नव्हती.

माझे सगळे आयुष्य पुलांच्या कामावर गेले, त्यामुळे मोनॅश मला सेनापती म्हणून नंतर भेटले, आधी काँक्रीटवाले म्हणून भेटले. त्याच ओळखीच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

जन्म २७ जून १८६५, वेस्ट मेलबर्न. आई-वडील ज्यू, प्रशियातल्या क्रोटोशिन गावातून आलेले; ते गाव आज पोलंडमध्ये आहे. घरात जर्मन बोलली जायची. वडिलांचे दुकान न्यू साउथ वेल्समधल्या जेरिल्डेरीत होते म्हणून लहानपणाची काही वर्षे तिथे गेली. तिथे नेड केली या दरोडेखोराशी त्यांची गाठ पडली होती अशी गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेल. ऐका आणि सोडून द्या. शाळेत हुशार, कॉलेजात मात्र पहिल्याच वर्षी नापास, कारण वर्गापेक्षा नाटके, वाचन आणि वादविवाद यांतच मन रमलेले. पुढे आई गेली, घरचे पैसे आटले आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून ते प्रिन्सेस ब्रिजच्या बांधकामावर नोकरीला लागले. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून यारा नदी ओलांडताना तुम्ही ज्यावरून जाता तोच हा पूल. नोकरी करता करता इंजिनिअरिंगची पदवी घेतली, मग कला शाखेची आणि कायद्याचीही.

१८९० च्या दशकात काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालून कमानी उभारायची ‘मोनिये’ पद्धत युरोपातून नवी नवी आली होती. मोनॅश आणि त्यांचे भागीदार अँडरसन यांनी व्हिक्टोरियात तिच्यावर धंदा उभा केला. बोटॅनिक गार्डनजवळचा १८९९ चा मोरेल ब्रिज त्या काळातला, त्या दोघांच्या देखरेखीखाली झालेला. आज त्यावरून फक्त पायी आणि सायकलने जाता येते. जाऊन बघा, कमानींखालून बघा.

आता जी गोष्ट प्रेरणादायी भाषणांत कोणी सांगत नाही ती सांगतो. मे १९०१ मध्ये बेंडिगो गावातला त्यांचा किंग्ज ब्रिज पडला. भार-चाचणी चालू होती. पुलावर वाफेचा रोलर आणि एक ट्रॅक्शन इंजिन चढवले होते. कमान खाली आली आणि एक माणूस मेला. पूल ओढ्याला काटकोनात नव्हता, तिरका होता. तिरक्या कमानीत भार नेमका कुठून कसा उतरतो याचे गणित त्या काळी कोणाला नीट माहीत नव्हते. मेलबर्न विद्यापीठाच्या प्राध्यापकांनीसुद्धा ते डिझाइन आधी डोळ्यांखालून घातले होते. चौकशीत मोनॅश यांच्यावर ठपका आला नाही. तरी भागीदारांनी पूल स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधला. त्यात जिलाँगजवळच्या फायन्सफर्डच्या पुलाचे पैसे अडकले, कोर्टकचेरी झाली, दावा हरले. चाळिशीच्या उंबरठ्यावर मोनॅश कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले होते. तिथून वर यायला कित्येक वर्षे लागली.

पुलाखाली माणूस गेलेला असेल तर इंजिनिअर आयुष्यभर एकेक सांधा पुन्हा तपासत बसतो. साइटवरचा कोणताही जुना माणूस हेच सांगेल. पुढे रणांगणावर मोनॅश जे वागले त्याचे मूळ मला कवायतीच्या मैदानापेक्षा बेंडिगोच्या ओढ्यात जास्त दिसते. हे माझे मत. इतिहासकारांवर ते लादत नाही.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना चौथी ब्रिगेड मिळाली, आणि लगेच कुजबुज सुरू झाली. नाव जर्मन, आई-बाप प्रशियन, धर्माने ज्यू; जर्मनांचा हेर असल्याच्या कंड्यासुद्धा पिकल्या. एप्रिल १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरल्यावर ज्या दरीत त्यांच्या ब्रिगेडने ठाण मांडले तिला मोनॅश व्हॅली हेच नाव पडले. पण दरीला नाव मिळाले म्हणून लढाई जिंकली असे नव्हे. २ मेचा हल्ला माणसे गमावून फसला. ऑगस्टमध्ये हिल ९७१ नावाचे शिखर रात्रीत चढून घ्यायचे होते. नकाशे कुचकामी, वाटाडे चुकलेले, सैनिक आजाराने खंगलेले आणि काळोखात एकासारखी एक घळ. ब्रिगेड भलत्याच जागी पोचली, उजाडल्यावर तुर्की मशीनगनांच्या तावडीत सापडली आणि मागे फिरली. मोनॅश यांच्यावर तेव्हा टीका झाली, आजही होते, आणि सगळीच गैरलागू नाही.

त्या रात्री त्यांच्या ब्रिगेडबरोबर त्याच तुकडीत कोण होते, ठाऊक आहे? २९ वी इंडियन ब्रिगेड. गुरखे आणि शीख. दोन्ही ब्रिगेडचा मिळून एकच सेनापती होता, भारतीय सैन्यातले जनरल कॉक्स. किनाऱ्यावरून खंदकांपर्यंत दारूगोळा आणि पाणी पोचवत होती भारतीय खेचर-पलटण. मेलबर्नमध्ये कोणी तुम्हाला ॲन्झॅकच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या सैन्याच्या, गोष्टी सांगायला बसला तर हेही त्याच्या कानावर घाला. आपली मराठी माणसे मात्र त्या वेळी तुर्कांशीच, पण दुसऱ्या आघाडीवर झुंजत होती. ‘पूना डिव्हिजन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात कूटला ती डिव्हिजन वेढली गेली आणि उपासमारीने २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शस्त्रे खाली ठेवली. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले’ अशी दगडी पाटी चावडीच्या भिंतीत असते. तिच्यासमोरून आपण रोज जातो. ॲन्झॅक डेला, म्हणजे २५ एप्रिलच्या त्यांच्या स्मृतिदिनाला, पहाटे उठून जाणार असाल तर सुट्टीत घरी आल्यावर ती पाटीही वाचा, एवढेच.

१९१६ मध्ये मोनॅश मेजर जनरल झाले आणि तिसरी डिव्हिजन त्यांनी इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या माळावर मुळापासून घडवली. बेल्जियममधल्या मेसीन आणि ब्रूडसेंड इथे ती चांगली लढली. मग १२ ऑक्टोबर १९१७ चे पाशेनडेल आले. पाऊस थांबायला तयार नव्हता, तोफा चिखलात रुतून जागेवर पोचल्याच नव्हत्या. मोनॅश यांनी वरिष्ठांकडे चोवीस तास मागितले. मिळाले नाहीत. ठरल्या वेळी हल्ला झाला, डिव्हिजनची तीन हजारांवर माणसे कामी आली किंवा जखमी झाली आणि हातात जमीन काही राहिली नाही. तयारी नसताना पुढे ढकलण्याचा हुकूम येतो तेव्हा काय होते हे त्यांनी तिथे दुसऱ्यांदा पाहिले.

जून १९१८ पासून ते संपूर्ण ऑस्ट्रेलियन कोअरचे, म्हणजे पाचही डिव्हिजनचे, प्रमुख झाले आणि त्याबरोबर कारस्थानही सुरू झाले. युद्धवार्ताहर चार्ल्स बीन आणि पत्रकार कीथ मर्डोक (आजच्या रुपर्ट मर्डोकचे वडील) यांना ब्रुडनेल व्हाइट हे अधिकारी त्या जागी हवे होते. मोनॅश यांना लंडनच्या ऑफिसात बसवावे, असा घाट त्यांनी घातला. मोनॅश यांचे ज्यू असणे त्यांच्या डोक्यात नव्हते असे म्हणता येणार नाही. पंतप्रधान ह्यूज यांचे कान भरले गेले. ते फ्रान्सला आले, सेनापतींना एकेकटे गाठून विचारले आणि मोनॅश यांनाच ठेवा असे उत्तर ऐकले. बीन यांनी नंतर स्वतःच हा खटाटोप चुकला असे लिहिले. मर्डोक यांच्या घराण्याचा बातम्यांतून राजकारण हलवायचा नाद जुनाच दिसतो.

ह्यूज आले त्याच आठवड्यात हामेलची लढाई होती. तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातले जे प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकताहेत त्यांना हिच्याएवढे चांगले उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

हामेल म्हणजे सोम नदीकाठचे एक छोटे गाव. ऑस्ट्रेलियन सैनिकांचा रणगाड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. आदल्या वर्षी बुलेकूरला रणगाडे बंद पडले, मागून येणारे पायदळ कापले गेले, ती आठवण ताजी होती. मोनॅश यांनी भाषणे दिली नाहीत. त्यांनी पलटणीच्या पलटणी मागे एका गावात पाठवल्या. तिथे जवानांना रणगाड्यांत बसवले, आत डोकावू दिले, चालकांबरोबर सराव करू दिला. ज्या पलटणीबरोबर जो रणगाडा जाणार, त्याच्यावर त्या पलटणीची खूण रंगवली. त्यानंतर तो रणगाडा त्यांचा झाला.

आधीचे काही दिवस रोज सकाळी जर्मनांवर धूर आणि विषारी वायू असे मिसळून गोळे टाकले. शत्रूला सवय लागली, धूर दिसला की मास्क चढवायचा. हल्ल्याच्या सकाळी नुसता धूर सोडला. मास्क घातलेल्या माणसाला ना नीट दिसते, ना नीट बंदूक चालवता येते. रणगाडे पुढे सरकताना आवाज होणार, म्हणून विमाने वरून घरघरत फिरवली. चार रणगाडे फक्त तारा, दारूगोळा आणि पाणी वाहायला ठेवले. तेवढा माल पाठीवर न्यायला बाराशेच्या वर माणसे लागली असती. मशीनगनवाल्यांना काडतुसे विमानातून पॅराशूटने टाकली.

३० जूनला शेवटची बैठक झाली. अजेंड्यावर १३३ मुद्दे, समोर अडीचशेच्या आसपास अधिकारी, वेळ साडेचार तास. प्रत्येकाने आपली अडचण तिथेच बोलायची. बैठक उठली की आराखड्यात बदल बंद. सरकारी बैठकांत निम्मे आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटतो. आपल्याकडे बदल खरे तर बैठक संपल्यावरच सुरू होतात.

आणि बदल आलाच. हल्ल्यात अमेरिकन कंपन्याही होत्या. त्यांच्या मानाखातर तारीख ४ जुलै धरली होती. आदल्या दिवशी दुपारी निरोप आला की अमेरिकन सेनापती पर्शिंग यांना आपली माणसे परत हवीत. काही आधीच काढली गेली होती, सुमारे हजारभर पुढच्या रांगांत मिसळून गेली होती. मोनॅश यांनी वरिष्ठ रॉलिन्सन यांना सांगितले, संध्याकाळी साडेसहापर्यंत ठरवा. ही माणसे काढलीत तर लढाईच रद्द करावी लागेल. एका कोअर कमांडरने आर्मी कमांडरला असे ऐकवणे म्हणजे नोकरी पणाला लावणे. शेवटी थेट ब्रिटिश सरसेनापती हेग यांच्याकडून उत्तर आले, हल्ला होऊ द्या.

पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी सुरुवात झाली. आराखड्यात ९० मिनिटे धरली होती, प्रत्यक्षात ९३ लागली. सुमारे १,६०० जर्मन कैद झाले. आपल्या बाजूची मृत आणि जखमी मिळून १,४०० च्या आसपास. त्या युद्धाच्या हिशेबात हे फार थोडे नुकसान. तरीही ही चौदाशे घरे होती. ‘९३ मिनिटांचा चमत्कार’ असा मथळा कुठे दिसला तर हा आकडा त्याच्याशेजारी लिहा.

हामेलचे सूत्र मोठे करून ८ ऑगस्टला आमियाँजवळ हल्ला झाला, कॅनेडियन शेजारी होते. जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ यांनी त्या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटले. चार दिवसांनी राजा पाचवा जॉर्ज बर्तांगलच्या वाड्यात मोनॅश यांच्या मुख्यालयावर आला आणि त्यांना सर केले. पायदळाने छाती पुढे करून मरायचे नसते, यंत्रे, तोफा आणि विमाने यांच्या जास्तीत जास्त आडोशाने पुढे जायचे असते, असे मोनॅश यांनी नंतर लिहिले. १९१८ मध्येही बऱ्याच सेनापतींना हे पटत नव्हते.

मात्र त्यांची आरती करू नका. ऑगस्टअखेर मों सँ-कांतां आणि पेरॉन इथे त्यांनी दमलेल्या, अर्ध्या उरलेल्या पलटणींना टेकडीवर चढवले. जिंकले, पण तीन दिवसांत तीन हजारांच्या आसपास माणसे गेली किंवा जायबंदी झाली. सप्टेंबरमध्ये संख्या घटलेल्या पलटणी मोडायचे हुकूम आले तेव्हा जवानांनी सरळ नकार दिला. हे बंडच होते. इथे मात्र मोनॅश यांनी बडगा उगारला नाही, जवानांचे ऐकले आणि मोडामोड बहुतेक ठिकाणी पुढे ढकलली. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते त्याच थकलेल्या माणसांना ढकलत राहिले. त्याला इलाज होता की नव्हता यावर तिकडे अजून वाद आहे. शिवाय माणूस बढाईखोर होता. मानमरातबाची हौस दांडगी, आणि युद्धावरचे स्वतःचे पुस्तक वाचले तर महायुद्ध एकट्या ऑस्ट्रेलियन कोअरने जिंकले असे वाटावे.

युद्धानंतरचे काम मला तितकेच मोठे वाटते, पण त्याची तिकिटे निघत नाहीत म्हणून थोडक्यात. सुमारे १,६०,००० सैनिकांना त्यांनी आठ महिन्यांत जहाजांनी घरी पोचवले, आणि जहाजाची वाट बघणाऱ्यांसाठी शिक्षणाची सोय केली. मायदेशी परतल्यावर व्हिक्टोरियाचे वीज मंडळ उभारले. लॅट्रोब खोऱ्यातला तपकिरी कोळसा निम्म्याहून जास्त पाणीच. तो जाळून मेलबर्नला वीज पुरवायची म्हणजे लोकांना वेडेपणा वाटे. यालूर्नची वीज १९२४ मध्ये शहरात पोचली. १९३० च्या मंदीत काही उजव्या मंडळींनी त्यांना गळ घातली, सरकार उलथवा आणि सत्ता हातात घ्या. त्यांनी साफ नकार दिला आणि उपाय मतपेटीत आणि शिकलेल्या मतदारात आहे असे कळवले. युरोपात त्या वर्षांत किती सेनापतींनी उलट उत्तर दिले ते तुम्हाला माहीत आहे. ८ ऑक्टोबर १९३१ ला ते गेले. अंत्ययात्रेला अडीच लाखांवर लोक होते. ब्रायटनच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर फक्त ‘जॉन मोनॅश’ लिहिले आहे. ना सर, ना जनरल. मानमरातबाची हौस असलेल्या माणसाचे हे विशेष.

मरणोत्तर फील्ड मार्शल करावे अशी मागणी माजी उपपंतप्रधान टिम फिशर आणि इतरांनी लावून धरली होती. २०१८ मध्ये सरकारने ती फेटाळली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले एकमेव फील्ड मार्शल थॉमस ब्लेमी, म्हणजे १९१८ चे मोनॅश यांचेच चीफ ऑफ स्टाफ, यामुळे काही जणांना ते जास्तच झोंबते. मला ती मागणी पटत नाही. त्यांच्या कामाची प्रत त्याने कणभरही वाढणार नाही.

तर माझ्या मागण्या अशा. तुमच्या ओरिएंटेशनच्या कार्यक्रमात मोनॅश यांचा फोटो लावून खाली ‘लीडरशिप’ असे लिहू नका. तुमच्यातल्या सिव्हिलवाल्यांनी बेंडिगोच्या पुलाचे प्रकरण काढून वर्गात मांडावे, नुसते यशाचे किस्से नको. मेलबर्नमधल्या मराठी मंडळींनी गणपतीच्या कार्यक्रमांत एक संध्याकाळ गॅलिपोलीतले भारतीय आणि कूटचे मराठे यांच्यासाठी द्यावी. नाचगाण्यातला अर्धा तास कापला तरी कोणी रुसणार नाही. पवईच्या आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकादमीत संशोधन करणाऱ्यांना मेलबर्नला जाण्याची संधी असतेच; त्यांनी मोरेल ब्रिजच्या दुरुस्तीचा आणि शंभरी ओलांडलेल्या काँक्रीटचा अभ्यास मनावर घ्यावा. आपल्याकडचे ब्रिटिश काळातले पूल कधी पाडायचे आणि कधी जपायचे यावर दर पावसाळ्यात भांडण होते, तिथे तो थेट कामाला येईल.

आणि पुढच्या २५ एप्रिलला मेलबर्नच्या युद्धस्मारकात, श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्सला, पहाटे जाणार असाल तर जाड जॅकेट घाला, गर्दीत मोबाइल उंच धरू नका. ती वास्तू उभी राहावी म्हणून शेवटपर्यंत झटलेल्यांत मोनॅशही होते, पूर्ण झाली तेव्हा ते नव्हते.

तुमचा,
पुलांच्या कामावरून निवृत्त झालेला एक इंजिनिअर
पुणे